वास मारणारे शब्द

'आमची मुलगी कुणी काय सांगेल ते लिहून देते,' असं माझी आई शेजारच्या काकूंना सांगते. फ्रीलान्स जर्नलिझमची याहून नेमकी व्याख्या मला मास कॉमच्या दोन वर्षांतही कुणी दिली नव्हती. तर गेल्या वर्षी पावसाळ्यात असंच एक 'कुणी काय सांगेल ते' काम आलं. एका कॅफेचं मेन्यूकार्ड मराठीत करायचं. काम सोप्पं, पैसे बरे, वर कॅपुचिनो फुकट! धडाधड पानं उरकत होते आणि गाडी अडली ती डेझर्टच्या पानावर. 'डेकॅडंट चॉकलेट केक.'

चॉकलेट ठीक, केक ठीक. पण डेकॅडंटला मराठीत म्हणायचं काय? डिक्शनरी उघडली. ऱ्हास पावलेला, अधःपतित, नीतिभ्रष्ट. आता मला सांगा, 'अधःपतित चॉकलेट केक, रु. २४०' हे वाचून कोण ऑर्डर देईल? (बरं, माझ्या ओळखीतले दोघं-तिघं देतीलही.) शेवटी 'तोंडात विरघळणारा' लिहून मोकळी झाले. पण त्या शब्दाने काही पिच्छा सोडला नाही. रात्री नेटवर बसले आणि त्याचं खानदान शोधून काढलं.

डेकॅडंट हा 'डिके'चा सख्खा भाऊ निघाला. तोच तो, डेंटिस्ट दात किडला की म्हणतो तो टूथ डिके. दोघांचं मूळ लॅटिनमधल्या 'कॅडेरे'त, म्हणजे पडणं. मेडिकलची मुलं ज्या मृतदेहावर शिकतात, तो कॅडॅव्हरही याच घरातला. आणि गंमत बघा, आपला 'भ्रष्ट' संस्कृतातल्या ज्या धातूवरून आला, त्याचाही अर्थ खाली पडणं, घसरणं असाच. म्हणजे जो शब्द दाताच्या किडीला, तोच केकच्या कौतुकाला. आणि आपण तो चमच्याने खातो!

झालं. मला नादच लागला. दुसऱ्या दिवशी कॅफेत गेले तर काउंटरवर काचेच्या वाडग्यात सुकलेल्या पाकळ्या, दालचिनीचे तुकडे, मस्त मंद वास. पॉपुरी! घरी येऊन बघितलं तर पॉपुरीचा फ्रेंचमधला शब्दशः अर्थ 'सडलेलं भांडं'. स्पॅनिश लोकांचा मांस आणि कडधान्यांचा एक रटरटता रस्सा होता, 'ओया पोद्रिदा'. त्याच्या नावाचं फ्रेंचांनी जसंच्या तसं भाषांतर केलं. पुढे पाकळ्या मिठाच्या थरांत घालून बरणीत मुरवायला लागले, तेव्हा त्या बरणीलाही तेच नाव चिकटलं. ज्या दुकानात 'आमच्याकडे सगळं इम्पोर्टेड आहे' म्हणतात, तिथे चारशे रुपयांना सडकं भांडं मिळतं, असं आता मी खुशाल म्हणू शकते.

पण खरा झटका पुढेच होता. या पॉपुरीतला 'पुरी', इंग्लिशमधला 'प्युट्रिड' म्हणजे कुजलेला, आणि डॉक्टरांचा 'पस' हे तिन्ही शब्द एकाच मुळाचे. आणि ते मूळ कुठे सापडतं माहितीये? आपल्या 'पू'मध्ये! संस्कृतात पूय म्हणजे पू, पूति म्हणजे दुर्गंधी. ग्रीकमध्ये 'प्यॉन' म्हणजे पू, त्यावरून टूथपेस्टच्या जाहिरातींनी आपल्याला शिकवलेला पायोरिया. आणि इंग्लिशसारख्या जर्मानिक भाषांत जुन्या 'प'चा 'फ' झाला. जसं आपलं पितृ, त्यांचं फादर. आपलं पाद, त्यांचं फूट. तसंच पूचं झालं फाउल आणि फिल्थ. म्हणजे फुटबॉलच्या मॅचमध्ये रेफ्री शिट्टी मारून 'फाउल' म्हणतो, तेव्हा तो आपल्याच पूचा लांबचा नातेवाईक असतो.

मग काय, मी एक वही केली. एका बाजूला इंग्लिश सडके शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी. या कॉलमसाठी झक्कास विषय होता. कार्बंकल म्हणजे लॅटिनमध्ये छोटा निखारा, आपली काळपुळी. एक्झिमा म्हणजे ग्रीकमध्ये उकळून वर येणं. शॅबी, म्हणजे तुमचा बॉस तुमच्या प्रेझेंटेशनला म्हणतो तो शब्द, मुळात खपली धरलेला, खरजुला, कारण तो 'स्कॅब'च्या घराण्यातला. हर्पीस म्हणजे सरपटणारं. ग्रीक 'हर्पेइन', लॅटिन 'सर्पेरे', आपला सर्प, सगळे एकाच कुळातले. आणि हर्पीसच्या ज्या प्रकारात कमरेभोवती नाहीतर छातीवर फोडांचा पट्टा उठतो, त्याला आपल्या आज्या काय म्हणायच्या? नागीण! ग्रीक लोकांना जे दिसलं, तेच आपल्या आज्यांना दिसलं.

आणि कॅन्सर, कँकर, शँकर ही तिळी भावंडं. तिन्ही लॅटिन खेकड्यापासून झालेली. गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात, असं जुन्या वैद्यांचं म्हणणं. त्यातला कॅन्सर हॉस्पिटलात राहिला. शँकर गुप्तरोगाच्या फोडाला लागला. कँकर तोंडातल्या फोडापासून पार लिंबाच्या झाडापर्यंत पोचला. लिंबाच्या पानाफळांवर खरखरीत तपकिरी ठिपके येतात, त्या सायट्रस कँकरला आपले शेतकरी खैऱ्या म्हणतात.

वहीची मराठी बाजू भरायला घेतली तेव्हा मात्र मीच गार पडले. गळू, करट, केसतूड, काळपुळी, नखुर्डं, रांजणवाडी, चिखल्या, कुरूप, भोवरी, नायटा, गजकर्ण, खरूज... केवढी ही श्रीमंती! प्रत्येकाची जागा वेगळी, तऱ्हा वेगळी. पावसात भिजून बोटांच्या बेचक्यात होतात त्या चिखल्या. नखाच्या कडेला ठणकतं ते नखुर्डं. पापणीवर येते ती रांजणवाडी. आणि आपण ऑफिसात काय म्हणतो? 'थोडा स्किन इश्यू आहे यार.' 'इन्फेक्शन झालंय.' पू आलाय असं कोणी म्हणतं का? 'डिस्चार्ज' म्हणतो! इंग्लिशमध्ये म्हटलं की वास येत नाही ना.

इथपर्यंत लिहून झालं होतं. मस्त हलकाफुलका कॉलम. शेवटाला एक पंच मारायचा आणि पाठवून द्यायचा.

त्याच आठवड्यात आईचा सांगलीहून फोन आला. मी एका एजन्सीच्या रिसेप्शनवर चेकसाठी ताटकळत होते.

'अगं, बाबांना अल्सर झालाय म्हणे. डॉक्टरांनी फाईलवर लिहून दिलंय.'

'तिखट बंद कर,' मी म्हटलं. 'चहा कमी कर. रात्री गार दूध दे.'

'बरं.'

'आणि टेन्शन घेऊ नका म्हणावं. ठेवते गं, बोलावतायत आत.'

पंचेचाळीस सेकंद. मोबाइलवर नंतर बघितलं मी ते. अनेकदा बघितलं.

तीन आठवड्यांनी गणपतीला घरी गेले. बाबा आरामखुर्चीत बसून पेपर वाचत होते, पायात मोजे. 'घरात मोजे काय घातलेत?' तर म्हणाले, 'गार लागतंय गं.' वाळले होते. दोन उदबत्त्या जळत होत्या. मला वाटलं गणपती, म्हणून. पण त्या वासाच्या खाली आणखी एक वास होता. पावसात उंदीर मरून पडला की येतो ना, तसा.

मोजा काढायला लागले तर तो निघेना. चिकटला होता. कोमट पाणी लावून सोडवला. उजव्या पायाच्या करंगळीखाली, तळव्याला, रुपयाच्या नाण्याएवढं भोक होतं. कडा पांढऱ्याफटक. आत पिवळं. आणि करंगळी काळी पडत चाललेली.

फाईल बघितली. तारखेसकट स्वच्छ लिहिलं होतं, 'डायबेटिक फूट अल्सर'. आईने त्यातला एकच शब्द उचलला, कारण तोच तिच्या ओळखीचा होता. आणि आपल्याकडे अल्सर म्हणजे पोटात. पायाला अल्सर होतो, हे माझ्या आईला काय, मलाही फोनवर सुचलं नाही. 'कुठे झालाय?' एवढं एक विचारलं असतं तर! जी मुलगी डेकॅडंटचा खापरपणजोबा शोधायला रात्र जागवते, तिने घरच्या शब्दासाठी पंचेचाळीस सेकंद दिले.

आणि अजून ऐका. डॉक्टर बाबांना म्हणाले होते, 'पायावर प्रेशर नको.' डॉक्टर भले होते, बाहेर चाळीस पेशंट बसले होते. पण बाबांच्या कानाने पाय गाळला आणि प्रेशर ठेवलं. प्रेशर म्हणजे बीपी! मग त्यांनी मीठही सोडलं. म्हणजे बघा, तिखट बंद, मीठ बंद, रात्री गार दूध, आणि शुगर आहे म्हणून रोज सकाळी न चुकता चार किलोमीटर चालणं. त्याच पायावर. अगदी मनापासून पथ्य पाळत होता हा माणूस, आणि पाय सडत होता.

'दुखलं नाही का हो बाबा?'

'नाही गं. दुखलं असतं तर सांगितलं नसतं का?'

हीच तर खरी मेख आहे. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होत जातात. खडा रुतला, चप्पल लागली, कळतच नाही. बोटाखाली घट्टा होतो. त्याला इंग्लिशमध्ये कॅलस म्हणतात, आणि त्याच लॅटिन मुळावरून दगडाच्या काळजाचा या अर्थाचा कॅलस झाला. त्या कडक घट्ट्याच्या आत, दाबाने, जखम होते. वरून काही दिसत नाही. त्यात रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असल्या की रक्त कमी पोचतं, जखम भरत नाही, चिघळते. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो. वास येईपर्यंत.

त्याच रात्री हॉस्पिटलात नेलं. तिथेही शब्दांचा पाऊस. गँगरीन, स्लफ, डिब्राइडमेंट. सर्जन झरझर बोलत होते आणि बाबा, तीस वर्षं बँकेत लेजर सांभाळलेला माणूस, मान डोलावत होते. तीच मान, 'समजलं समजलं' म्हणणारी. या वेळी मी थांबवलं. म्हटलं, 'डॉक्टर, एक मिनिट. मी त्यांना मराठीत सांगते, चुकलं तर तुम्ही सांगा.'

वही कामाला आली ती अशी.

'बाबा, अल्सर म्हणजे उघडी जखम. कुठेही होते, पोटात, तोंडात, पायाला. तुमची पायाला आहे. तिखटाचा काही संबंध नाही. प्रेशर म्हणजे बीपी नाही, वजन. हा पाय आता जमिनीला टेकवायचा नाही.'

'हं.'

'स्लफ म्हणजे मेलेली कातडी. इंग्लिशमध्ये सापाच्या कातेला तोच शब्द आहे.'

'म्हणजे पायाने कात टाकायची.'

'स्वतःहून टाकत नाहीये ना, म्हणून ते कापून काढणार. त्याला डिब्राइडमेंट म्हणतात. फ्रेंच शब्द आहे, घोड्याचा लगाम काढणं.'

बाबा हसले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, 'आणि ते गँगरीन?'

मला माहीत होतं. ग्रीक शब्द, कुरतडत जाणारं. वहीत तिसऱ्या पानावर लिहिलेलं होतं. तेव्हा ते फार भारी वाटलं होतं.

'करंगळी मेलीये बाबा. सडलीये. ती ठेवली तर पाय कुरतडत वर जाईल.'

आई म्हणाली, 'अगं, जरा नीट शब्दांत सांग की.' तिचीही चूक नव्हती. शेजारी 'थोडं इन्फेक्शन आहे' असंच सांगत होती ती, उदबत्त्या लावत होती. तिला वास येत होता. पण नवऱ्याचा पाय सडतोय असं म्हणायचं कसं? इन्फेक्शन म्हणता येतं. बाबा मात्र म्हणाले, 'राहू दे. आत्ता कळलं मला. काढा म्हणावं.'

करंगळी गेली. पाय वाचला. जखम भरायला तीन महिने लागले. त्या काळात मी सांगलीहूनच कामं केली आणि ड्रेसिंग करायला शिकले. पहिल्या दिवशी बोळ्यावर पू बघून मला मळमळलं. चौथ्या दिवसापासून मी त्याचा रंग बघायला लागले. पिवळा की हिरवट, पातळ की घट्ट, कालच्यापेक्षा कमी की जास्त. डॉक्टरांना फोनवर हेच सांगावं लागायचं. 'थोडा डिस्चार्ज आहे' म्हटलं की ते वैतागायचे. 'पू आहे का लस आहे ते सांगा!' लस म्हणजे जखमेतून पाझरतं ते पातळ पाणी. ती चालते. पू चालत नाही. बघा, डॉक्टरांनाच मराठी शब्द हवा होता.

एकदा ड्रेसिंग करताना त्यांना सॉरी म्हटलं. सॉरी बाबा, त्या फोनबद्दल. ते म्हणाले, 'तुला काय माहीत!' ते ऐकून जास्तच लागलं. हा सॉरी आपण दिवसाला चाळीसदा वापरतो. लिफ्टमध्ये धक्का लागला सॉरी, मेल उशिरा गेली सॉरी. तो मुळात 'सोर'चा भाऊ. सोर म्हणजे दुखरी जागा, ठणकणारा घाव. जुन्या इंग्लिशमध्ये सॉरी म्हणजे ज्याला दुखतंय तो. तेव्हा मी तो खऱ्या अर्थाने वापरला, असं म्हणायला हरकत नाही.

नंतर वही पुन्हा चाळली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. इंग्रज माणूसही घरी 'सोर' म्हणतो, 'रॉट' म्हणतो, 'बॉइल', 'स्कॅब' म्हणतो. ते त्याचे आजीचे शब्द. अल्सर, गँगरीन, नेक्रोसिस हे त्याच्याकडेही लॅटिन-ग्रीकमधून आलेले, दवाखान्यातले. म्हणजे त्याच्यासाठी मध्ये एक भिंत. आपल्यासाठी दोन. आणि भिंतीपलीकडचा वास येत नाही, म्हणून आपल्याला तो शब्द स्वच्छ वाटतो. शब्द कुठलेच स्वच्छ नसतात हो. रोमन माणसाला अल्सर म्हटलं की चिघळलेला घावच दिसत असणार.

मी इंग्लिशच्या विरोधात नाही. माझं पोट त्याच्यावर चालतं, तुमचंही चालतं. ऑफिसात फाईल करप्टच होऊ दे, 'भ्रष्ट झाली' म्हणायची गरज नाही. पण शरीराचं काही असेल तेव्हा एकदा तो शब्द मराठीत करून बघा. आईला, बाबांना, स्वतःला. जमत नसेल, घाण वाटत असेल, तर समजा की तिथेच काहीतरी बघायचं राहिलंय.

आणि घरी कुणाला डायबेटिस असेल तर एवढं करा. या वीकेंडला गेलात की त्यांचे मोजे काढा. तळवे बघा, टाचा बघा, बोटांची बेचकी बघा. वाकता येत नसेल तर खाली आरसा धरायला शिकवा. घरातसुद्धा चप्पल घालायला लावा. कुरूप ब्लेडने कापत असतील तर ब्लेड काढून घ्या. पाय शेकायला गरम पाणी घेत असतील तर आधी तुम्ही हात घालून बघा, त्यांना चटका कळेलच असं नाही. डॉक्टर पायाला नायलॉनचा बारीक धागा टोचून संवेदना तपासतात, ते वर्षातून एकदा करून घ्या. आणि आईचा फोन आला, की कुठलाही मोठा शब्द ऐकल्यावर आधी विचारा, 'कुठे?'

आमच्याकडे आता रोज रात्री साडेनऊला बाबांचा फोन येतो. बँकेतल्या सवयीने ते टॅली दिल्यासारखं सांगतात.

'दोन्ही पाय बघितले. नऊ बोटं हजर. पू नाही. वास नाही.'

मग फोन आईकडे. ती विचारते, जेवलीस का.